रोलांडच्या कपाळावरची हळद

पुण्यात जर्मन शिकलेल्या माणसाने जर्मनीला गेलेच पाहिजे असा कोठेही नियम नाही, हे मला स्लाऊमध्ये कळले.

आमच्या आळीत दर दोन घरांमागे एक मुलगा जर्मन शिकत असे. कोणी शिष्यवृत्तीसाठी, कोणी केवळ समोरच्यांचा मुलगा शिकतो म्हणून. मी कंपनीसाठी शिकलो. परीक्षांमागून परीक्षा दिल्या, स्टुटगार्टच्या ट्रामचा नकाशा पाठ केला, आणि मग 'प्रोजेक्ट शिफ्ट झालं' एवढ्या मजकुराच्या एका ई-मेलने मला हीथ्रोवर आणून उतरवले. स्लाऊमध्ये जर्मन बोलण्याचा प्रसंग येत नाही. तसा माझ्यावर मराठी आणि इंग्रजी बोलण्याचाही फारसा येत नसे, कारण मी स्वभावाने मितभाषी आहे आणि समोर माणूस आला की मितभाषीपणाची परिणती मौनात होते. न बोललेली भाषा बंद घरातल्या घड्याळासारखी असते. चालू असते, पण वेळ कुणाला सांगायची?

अशा मनःस्थितीत एका शनिवारी हाय स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये मला एक खोके दिसले. त्यात 'फर्नवे' नावाचे जुने जर्मन मासिक होते, पहिल्या अंकापासून सेहेचाळीसाव्यापर्यंत. फर्नवे म्हणजे न पाहिलेल्या दूरच्या प्रदेशांसाठी लागणारी हुरहुर. हा शब्द आम्हाला दुसऱ्या परीक्षेला होता, आणि त्याचा अर्थ मला कळला तो स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमागच्या खोलीत, गोदामांच्या पत्र्यांवर पाऊस वाजत असताना.

आत चित्रकथा होत्या. अमेरिकन वर्तमानपत्रांत एके काळी रोज तीन-तीन चौकटींनी पुढे सरकणाऱ्या साहसकथा जर्मन संपादकांनी गोळा केल्या होत्या, कापल्या होत्या, पुन्हा जुळवल्या होत्या आणि जर्मनमध्ये बोलत्या केल्या होत्या. त्यांतला वैमानिक रोलांड श्टुर्म हा माझा इंग्लंडमधला पहिला मित्र. अमेरिकेत त्याचे मूळ नाव बक हॅरिगन होते असे कळले तेव्हा मला, मित्राचे लाडके नाव सोडून कोणी त्याला शाळेच्या हजेरीपटावरच्या नावाने हाक मारावी, तसे वाटले. रोलांडच्या संगतीत माझे जर्मन एका विशिष्ट दिशेने बहरले. मला जर्मनमध्ये कॉफी मागता आली नसती. पण किल्ला मागता आला असता.

सेहेचाळीसाव्या अंकाच्या शेवटी रोलांड आणि त्याची सहवैमानिक इल्झं हवाई जहाजातून ज्वालामुखीकडे निघाले होते. पुढे काय झाले? इंटरनेटवरच्या संग्राहकांच्या फोरमवर मी विचारले. शेवटचा, अठ्ठेचाळीसावा अंक छापलाच गेला नाही असे एकाचे मत होते. छापला, पण गोदामातच राहिला असे दुसऱ्याचे. तिसऱ्याने लिहिले, "बर्मिंगहॅमच्या मिस्टर ऑल्डरिजकडे सगळे अंक आहेत. पण ते कोणाला देत नाहीत."

मिस्टर ऑल्डरिज हे बँकेतून निवृत्त झालेले, सरळ पाठीचे गृहस्थ. तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून जर्मनीत असताना त्यांना 'फर्नवे'चे व्यसन लागले होते. पहिल्या भेटीत मी एकंदर चार वाक्ये बोललो, त्यांतली दोन हवामानावर. बहुधा त्यामुळेच त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनातला सत्तेचाळीसावा अंक आणि सुती हातमोज्यांची एक जोडी माझ्या हाती ठेवून ते म्हणाले, "अन्न, पेय, ओल, ऊन आणि भावनावेग यांपासून दूर ठेवा. महिन्याभराने हा जसा जातो आहे तसाच परत आला, तर अठ्ठेचाळीसाव्याविषयी बोलू."

मुखपृष्ठावर रोलांडचा चेहरा होता. भव्य कपाळ, वाऱ्याने मागे गेलेले सोनेरी केस, आणि मुठीत एक दोर. मी हातमोजे घालून अंक वाचला. शेवटच्या चौकटीत ज्वालामुखीच्या तोंडावर लोंबकळणाऱ्या रोलांडच्या दोराचे पीळ एकेक करून तुटत होते, आणि खाली छापले होते: 'शेवट पुढील अंकी'. आता माझ्या आयुष्यात मला फक्त पुढील अंक हवा होता. सत्तावीस वर्षांच्या तरुणाची याहून मोठी महत्त्वाकांक्षा असावी असे मला सांगणारे लोक माझ्या घरी पुष्कळ आहेत; त्यांनी तो दोर पाहिलेला नाही.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो ते जयंतकाका आणि वैजयंतीकाकू तीस वर्षांपूर्वी नाशिकहून आलेले. त्यांच्या घरात स्लाऊ फक्त खिडकीबाहेर होते. दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी ऑफिसातून परतलो, तो देवापुढे रांगोळी, समया, काकांचे चेकबुक, काकूंचे दागिने, नवा टोस्टर, आणि त्या सर्वांच्या मधोमध रोलांड श्टुर्म. वेष्टनाबाहेर. त्याच्या भव्य कपाळावर ओल्या हळदीचे ठसठशीत बोट, त्यावर कुंकू, आणि डोक्यावर अक्षता.

"काकू!" मी म्हणालो. मला वाटते, त्या घरात मी प्रथमच उद्गारचिन्ह वापरले.

"अरे, तुझ्या टेबलावर दिसलं. नवं पुस्तक घरात आलंय आणि पूजेला नाही ठेवायचं?" काकू प्रसन्नपणे म्हणाल्या.

"पण ते प्लास्टिकमध्ये होतं."

"म्हणून तर काढलं. प्लास्टिकवर हळद लागत नाही."

मी खुर्चीत बसलो. अंक कोणाचा, परत केव्हा द्यायचा, कसा द्यायचा आणि न दिल्यास काय गमवायचे हे मी सांगितले. मी इतका वेळ सलग बोललो याचेच दोघांना एवढे आश्चर्य वाटले, की अर्थ पोहोचायला थोडा अवधी गेला. तो पोहोचला तेव्हा काकूंचा चेहरा पडला आणि त्या समईची वात सारखी करू लागल्या.

"रडू नकोस गं," काका म्हणाले. "डाग आहे. डाग निघतात. Forty-seven years of marriage मध्ये मी काय काय डाग काढलेत!"

"बत्तीस," काकू म्हणाल्या.

"वाटतात forty-seven."

कुंकू कोरडे होते. ते काकांनी ब्रेडच्या मऊ गाभ्याने हलकेच उचलले, आणि त्यांच्या या यशाने आम्हा सर्वांना घातक आत्मविश्वास दिला. हळद मात्र ओली होती. ती रोलांडच्या कपाळी नवरदेवासारखी शोभत होती.

दुसऱ्या दिवशी फराळाला पलीकडच्या घरातला नंदू आला. नंदू नागपूरचा केमिकल इंजिनिअर. लंडनमध्ये एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. ज्या शास्त्रात माणूस शिकतो आणि ज्यात काम करतो त्यांच्यात जेवढे अंतर अधिक, तेवढा त्याचा शास्त्राभिमान प्रखर असतो, असे माझे निरीक्षण आहे.

"हळद? सोपं आहे बे," चकली मोडत नंदू म्हणाला. "बेकिंग सोडा. Mild, gentle. कापसावर घ्यायचा, dab करायचा. Rub नाही, dab."

"नक्की ना?" मी विचारले.

"केमिस्ट्री माझ्या रक्तात आहे, प्रणव."

त्याने कापूस टेकवला, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल झाला. रोलांड श्टुर्म, जो सत्तेचाळीस अंकांत एकाही गोळीला सापडला नव्हता, तो स्लाऊच्या डायनिंग टेबलावर कपाळात गोळी लागल्यासारखा दिसू लागला.

"Alkaline झालं!" नंदू आनंदाने ओरडला. पुस्तकातले एक वाक्य खरे होताना तो आयुष्यात प्रथमच पाहत होता. "अगदी textbook! घाबरू नका. आता acid. लिंबू आहे का, काकू?"

लिंबाने लाल रंग पुन्हा पिवळा झाला हे मान्य केले पाहिजे. पण या प्रवासात तो भुवईपासून भुवईपर्यंत पसरला. बोटभर टिळ्याचा कपाळभर मळवट झाला. नंदू म्हणाला, तत्त्वतः प्रयोग यशस्वी आहे. काकांनी त्याच्यासमोरची चकल्यांची बशी उचलून आत नेली.

तेव्हा काकू, ज्या आदल्या संध्याकाळपासून माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या, हळू आवाजात म्हणाल्या, "ऊन हळद खातं रे. आईच्या साड्यांवरची हळद आम्ही गच्चीवर उन्हात टाकायचो, दोन दिवसांत नाहीशी व्हायची."

"ती गच्ची नाशिकला होती," काका म्हणाले. "इथे सूर्य bank holiday ला येतो, आणि तोही कधी कधी cancel करतो."

मिस्टर ऑल्डरिजनी ज्या पाच गोष्टींपासून अंक दूर ठेवायला सांगितले होते, त्यांत ऊन होते. परंतु अन्न, ओल आणि भावनावेग यांची पायमल्ली झालेलीच होती; एका उन्हाने काय बिघडणार होते? मी सूर्याची वाट पाहू लागलो. ऑक्टोबर संपत होता. आकाश मळक्या गोधडीसारखे दिवसचे दिवस अंगावर पांघरलेले. ज्या देशात सूर्यावर एवढ्या कविता होतात तेथे तो का दिसत नाही, हे मी पूर्वी उदासपणे स्वतःला विचारत असे. आता मला ते कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीसारखे संतापजनक वाटू लागले.

अखेर एका सकाळी तो आला. आमच्या घरावर नाही. समोरच्या गल्लीत, दोन धुराड्यांच्या फटीतून, परवानाधारकांच्या गाड्यांसाठी आखलेल्या एका रिकाम्या चौकोनात. मी घरून काम करण्याची परवानगी काढली, त्या चौकोनात स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, खुर्चीवर अंक उघडा ठेवला आणि हातमोजे घालून शेजारी उभा राहिलो. येणारेजाणारे आदराने वळसा घालत होते. इंग्लंडमध्ये हातमोजे घातलेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही.

पार्किंगच्या वॉर्डनने मात्र विचारले. ही जागा वाहनांसाठी आहे, खुर्ची उचला. मी परवान्यासाठी कौन्सिलला फोन लावला. माझ्यासारखा माणूस अनोळखी व्यक्तीला आपणहून फोन लावतो, यावरून दोराचे पीळ कितपत तुटले होते याची कल्पना यावी.

"कोणत्या प्रकारचं वाहन आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारले.

"वाहन नाही. मासिक आहे."

"मासिकाला परवाना देता येत नाही. चित्रीकरण असेल तर देता येतो. बांधकामाच्या मलब्याची पेटी ठेवायची असेल तरी देता येतो."

"मलबा नाही अजून," मी म्हणालो.

"मग झाल्यावर फोन करा," बाई मनापासून म्हणाल्या.

हे जयंतकाकांनी ऐकले आणि त्यांच्यातला, नाशिकच्या कारखान्यापासून सुप्त असलेला, इंजिनिअर जागा झाला. "जागा वाहनासाठी आहे ना? मग वाहनात ठेवू! डॅशबोर्डवर! ऊन जिथे, गाडी तिथे!" त्यांनी त्यांच्या जुन्या निळ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा गणपती उजवीकडे सरकवला आणि काचेखाली, आकाशाकडे तोंड करून, रोलांडला निजवले. त्या आठवड्यात आम्ही सूर्याच्या मागे विंडसरला गेलो, मेडनहेडला गेलो, आणि एकदा एका सुपरमार्केटच्या उतारावर काका नुसतेच इंजिन बंद करून, प्रवाशांची वाट पाहणाऱ्या टॅक्सीवाल्यासारखे बसून राहिले. मळवट फिका होत होता. कपाळ जवळजवळ मूळ रंगावर आले होते.

रविवारी वेम्बलीला तर लख्ख ऊन पडले. काकूंना ईलिंग रोडवर मेथी आणि कोवळी वांगी घ्यायची होती, आणि मग त्यांच्या मैत्रीण नीनाताईंकडे दिवाळीचे हळदीकुंकू होते. हळदीकुंकवाचे नाव निघताच तिघांनीही डॅशबोर्डकडे पाहिले. काकांनी गाडी अगदी सूर्याकडे तोंड करून लावली. ऊन पाहण्याच्या नादात त्यांनी पाटी पाहिली नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा वायपरखाली दंडाचे पिवळे पाकीट होते. काकांनी ते रागाने उपटले, आणि मग आम्ही तिघेही काचेतून आत पाहतच राहिलो. दुपारभराच्या उन्हाने रोलांडचे उजवे अर्धे कपाळ निष्कलंक केले होते. डाव्या अर्ध्यावर पाकिटाची सावली पडलेली होती. तेथे हळद जशीच्या तशी होती, आणि तिची कड फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ.

"अर्धा तर सुटला," काका म्हणाले. ते मला धीर देत होते की स्वतःला, कोण जाणे.

त्यानंतर ऊन आले नाही, महिना संपला. सल्ल्यांची मात्र टंचाई नव्हती. नंदू म्हणाला, उरलेल्या अर्ध्या कपाळावर दुकानाच्या किमतीचे लेबल चिकटव. नीनाताईंनी फोनवर सुचवले की अंक हरवला असे सांग आणि दुःखी दिस, तुला ते जमेल. काकांचे म्हणणे, वेष्टनात घालून दे, म्हातारा काय लगेच उघडून बघणार आहे? मी रात्री नव्हे, भरदिवसा, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत यावर विचार केला. रोलांडने सत्तेचाळीस अंकांत कधी लेबल चिकटवले नव्हते. आपण ज्याच्यासाठी हे सर्व करत आहोत त्याच्याच कपाळावर खोटेपणा चिकटवायचा, तर मग शेवट वाचताना तरी त्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार?

"मी खरं सांगणार आहे," मी घरी जाहीर केले. "शेवटचा अंक मिळणार नाही. हरकत नाही."

हरकत नाही हे शब्द मी एवढ्या दुःखी स्वरात म्हटले असावेत, की काकू आत गेल्या आणि लाडवांचा डबा भरू लागल्या. "मीपण येते," त्या म्हणाल्या. "बोट माझं होतं."

"काकू, त्यांच्या घरात अन्न चालत नाही."

"मी त्यांना खायला देणारे. पुस्तकाला नाही."

आम्ही रेडिंगला गाडी बदलून बर्मिंगहॅमला गेलो. वाटेत मी इंग्रजी वाक्ये जुळवत होतो. 'आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू' हे मला नोकरी नाकारणाऱ्या कंपन्यांसारखे वाटले. 'अॅक्चुअली, व्हॉट हॅपन्ड वॉज' हे शाळेत गृहपाठ न केल्यासारखे. काकू डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "तो फार ओरडला तर तू मधे बोलू नकोस. मी ऐकून घेईन." मी त्यांच्याकडे पाहिले, आणि प्रथमच मला रोलांडपेक्षा त्यांची अधिक चिंता वाटली.

मिस्टर ऑल्डरिजनी आम्हाला बसवले. हातमोजे चढवले. दिवा ओढला, भिंग घेतले, आणि वेष्टनातून अंक बाहेर काढला. काकांचा तर्क पहिल्याच मिनिटाला निकालात निघाला.

भिंग कपाळावर येऊन थांबले. ते तेथेच राहिले. भिंतीवरचे घड्याळ एवढ्या मोठ्याने चालत होते की त्याला कोणी तरी गप्प करावे असे वाटले. काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडले. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. इंग्रजीचे एकही वाक्य जागेवर नव्हते. मराठी उपयोगाचे नव्हते. आणि मग माझ्या आतल्या त्या बंद घरात, इतके महिने कोणासाठी तरी चालत राहिलेल्या घड्याळाने ठणठणीत ठोके दिले.

"हेर कोमांडांट!" मी म्हणालो, म्हणजे 'कमांडंटसाहेब!' छाती पुढे आली होती, हे मला नंतर काकूंनी सांगितले. पुढचे सारे जर्मनमध्येच बाहेर पडले, कारण बाराव्या अंकात शत्रूच्या छावणीत पकडला गेल्यावर रोलांड ते तसेच म्हणतो: "जे घडले त्याची जबाबदारी माझी, आणि माझ्या एकट्याची. या बाई निरपराध आहेत. त्यांना जाऊ द्या. माझे काय करायचे ते तुम्ही ठरवा. मी डोळ्यांवर पट्टी बांधून घेणार नाही!"

माझा आवाज खोलीत अजून फिरत होता आणि मला त्याला परत आत घ्यावेसे वाटत होते.

मिस्टर ऑल्डरिजनी भिंग खाली ठेवले. सावकाश उठले. सैनिकासारखे ताठ झाले, आणि जर्मनमध्येच, खालच्या स्वरात म्हणाले, "तुम्ही मूर्ख आहात, श्टुर्म. पण तुमच्यासारख्या मूर्खांना गोळी घालण्याइतका मी श्रीमंत नाही."

हा त्याच पानावरचा पुढचा संवादाचा फुगा होता.

मी पाहत राहिलो. ते पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि त्या निवृत्त बँकवाल्याला इतके हसू आले की त्यांना हातमोजे काढून डोळे पुसावे लागले.

"काय झालं? सोडलं का?" काकूंनी माझी बाही ओढली.

"सोडलं, काकू."

मग सगळे इंग्रजीत सांगून झाले. पूजा, बोट, सोडा, लिंबू, ऊन, पाकीट. बाहेरचे काही नवे घरात आले की आम्ही त्याचे असे स्वागत करतो, हे काकूंनी समजावले. "Guest, you see. Welcome. On the forehead. Sorry, हां." मिस्टर ऑल्डरिजनी ते पुन्हा एकदा भिंगातून पाहिले, या वेळी डाग पाहतात तसे नव्हे, सही पाहतात तसे. त्यांनी एक लाडू घेतला. खिडकीशी जाऊन, अंकाकडे पाठ करून खाल्ला.

तेथूनच ते म्हणाले, "अठ्ठेचाळीसावा अंक माझ्याकडे नाही. तो निघालाच नाही. मी जर्मनीत स्टेशनवरच्या पेपरच्या कियॉस्कला जात राहिलो, आणि तिथली बाई मान हलवत राहिली. मासिक बंद पडलं होतं. माझ्याकडे शेवट नाही, हे मला कोणाला सांगता आलं नाही. म्हणून मी अशा अटी घालतो की त्या कोणीच पाळू शकत नाही. चहाचे डाग येतात, कोपरे दुमडून येतात. मी रागावतो आणि दार लावतो. खरं सांगू? दार लावताना मला सुटल्यासारखं वाटतं. पण चूक आपणहून सांगायला कोणी आलं नव्हतं."

दोर शेवटच्या पिळावर होता. पण रोलांडचा आवाज अजून माझ्या घशात होता, आणि तो हार मानणारा नव्हता. "अमेरिकेत तर गोष्ट पूर्ण झाली असेल," मी म्हणालो.

"झाली आहे." त्यांनी कपाटातून एक जाडजूड बंद पाकीट काढले. "मूळ पट्ट्यांच्या प्रती. बरीच वर्षं झाली. उघडलं नाही. त्यात तो बक हॅरिगन आहे आणि मोटारी विकणाऱ्यासारखं बोलतो."

"मग त्याला जर्मन शिकवू," मी म्हणालो. "आपणच काढू अंक."

तो हिवाळा स्लाऊच्या डायनिंग टेबलावर गेला. मिस्टर ऑल्डरिज शनिवारच्या गाडीने येत. रोजच्या पट्टीची पहिली चौकट कालचीच हकीकत पुन्हा सांगते. ती 'फर्नवे'वाले कापून टाकत, म्हणून आम्हीही कापली. पान भरायला कमी पडे तेथे ते आकाश वाढवत, म्हणून मी आकाश वाढवले. आयुष्यभर ढगांकडे खिन्नपणे पाहिल्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. काका डिंक लावत. इल्झं रागावल्यावर रोलांडला 'तुम्ही' म्हणेल की 'तू', यावर मी आणि मिस्टर ऑल्डरिज एक अख्खी दुपार भांडलो. भांडलो, मी! काकू आतून म्हणाल्या, "रागावली की 'अहो'च म्हणते बाई. मला विचारा." तसेच केले.

छपाईसाठी काकांनी ईलिंग रोडचे मुरलीधर गाठले, जे लग्नपत्रिका छापतात आणि दुसरे काही छापत नाहीत. हळद लागली तेथे पत्रिका यायचीच, भले क्रम उलटा असो, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. प्रती आल्या. कागद सुरेख होता, थोडा सुगंधीही. मुखपृष्ठावर ज्वालामुखी होता, दोर होता, आणि अगदी वर, धुराच्या लोटातून प्रकटल्यासारखा, सोनेरी गणपती.

"मुरलीधर म्हणतो, त्याच्या मशीनवरून गणपतीशिवाय काही बाहेर पडत नाही," काका कपाळाला हात लावून म्हणाले.

मिस्टर ऑल्डरिजनी भिंग लावले. "हे गृहस्थ कोण?"

"विघ्नं दूर करतात," काकू म्हणाल्या. "Obstacles. All gone."

"पस्तीस वर्षं उशिरा आले," ते म्हणाले. मग बराच वेळ पाहून, "पण आले."

मग सर्वांनी मला वाचायला लावले. नंदूही आला होता. त्याला टेबलापासून दूर बसवले होते. मी उभा राहून, मोठ्याने, जर्मनमध्ये वाचले. दोराचा शेवटचा पीळ तुटतो त्याच क्षणी इल्झं आपला लांब रेशमी गळपट्टा खाली सोडते, रोलांड तो पकडतो, आणि वर आल्यावर एवढेच म्हणतो की खाली फार ऊन होते. मिस्टर ऑल्डरिज डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण हे फुगे त्यांना पाठ नव्हते. त्यांना ते आयुष्यात प्रथम ऐकू येत होते. माझा आवाज एकदाही अडखळला नाही.

"मला कळलं काही नाही," काकू म्हणाल्या. "पण सुटला ना बिचारा?"

"सुटला, काकू."

त्या उठल्या आणि सवयीने देवापुढचा करंडा घेऊन आल्या. टेबलापाशी आल्यावर मात्र त्यांना सारे आठवले असावे. ओल्या हळदीचे बोट तसेच हवेत थांबले. मिस्टर ऑल्डरिजची प्रत त्यांनीच आणलेल्या नव्या वेष्टनात केव्हाच गेली होती. काकूंनी बोट मागे घेतले.

मिस्टर ऑल्डरिजनी हातमोजे काढून खिशात ठेवले. वेष्टन उघडून अठ्ठेचाळीसावा अंक बाहेर घेतला आणि दोन्ही हातांनी काकूंपुढे धरला.

"प्लास्टिकवर लागत नाही," ते म्हणाले. "असं ऐकलं आहे."